प्रवेश मिळाला, पुढे काय? अर्थसाहाय्याच्या प्रस्तावांची तुलना कशी करावी

भिलाई (छत्तीसगड) : अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या भिलाईत दरवर्षी एप्रिल ते जुलै या काळात अनेक घरांत एकच चर्चा सुरू असते. गुणवत्ता यादीत नाव आल्याचा आनंद ओसरतो आणि शुल्काचा प्रश्न पुढे उभा राहतो. कोणाच्या हाती आयआयटीचे प्रवेशपत्र असते, कोणाकडे नामांकित खासगी विद्यापीठाचा शिष्यवृत्तीचा प्रस्ताव असतो, तर मोजक्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठाचे पत्र आलेले असते. प्रत्येक पत्रात मदतीचा आकडा ठळक असतो. कुटुंबाला प्रत्यक्षात किती पैसे भरावे लागतील, हे मात्र बहुतेक वेळा स्वतःच शोधून काढावे लागते.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून कामगार आणि अभियंते येथे आले. मुंबई-हावडा लोहमार्गाने जोडलेल्या विदर्भातील मराठी कुटुंबेही त्यांत होती. या वसाहतीत मुलांच्या शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधी काढणे किंवा निवृत्तीच्या रकमेतून शुल्क भरणे नवीन नाही. त्यामुळे दोन प्रस्तावांच्या तुलनेत झालेली चूक केवळ कागदावर राहत नाही. तिची किंमत आईवडिलांच्या उतारवयातील आधाराला किंवा विद्यार्थ्याच्या पहिल्या नोकरीच्या पगाराला मोजावी लागते.

मदतीचे चार प्रकार

अर्थसाहाय्याच्या पत्रातील रकमा चार प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार शुल्कमाफीचा. यात शुल्काचा काही भाग किंवा सर्व शुल्क संस्था आकारतच नाही. दुसरा शिष्यवृत्ती किंवा अनुदानाचा. ही रक्कम परत करावी लागत नाही. तिसरा प्रकार विद्यार्थ्याने काम करून मिळवायच्या मोबदल्याचा आणि चौथा कर्जाचा.

पहिले दोन प्रकार हीच खरी मदत होय. तिसरे उत्पन्न आहे, परंतु ते वेळ देऊन आणि टप्प्याटप्प्याने मिळते. प्रवेशाच्या दिवशी भरायच्या शुल्कासाठी ते उपयोगी पडत नाही. चौथा प्रकार म्हणजे पुढे ढकललेला खर्च. अनेक पत्रांत या चारही रकमांची बेरीज करून ‘एकूण साहाय्य’ असा एकच आकडा दिलेला असतो. म्हणून तुलनेची पहिली पायरी ठरलेली आहे. शिकवणी शुल्क, वसतिगृह, भोजन, पुस्तके, विमा आणि प्रवास यांचा एकूण वार्षिक खर्च काढावा आणि त्यातून फक्त शुल्कमाफी व अनुदान वजा करावे. उरलेली रक्कम हा कुटुंबाचा निव्वळ खर्च. दोन संस्थांची तुलना याच आकड्यावर करावी.

आयआयटी : नियमाने ठरणारी सवलत

भिलाईची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तिचे वर्ग रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील कायमस्वरूपी संकुलाचे लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. घराजवळच आयआयटी आल्याने स्थानिक विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च वाचतो, पण शुल्काचे सूत्र देशातील अन्य आयआयटींप्रमाणेच आहे.

२०१६ मध्ये आयआयटींतील पदवी अभ्यासक्रमाचे शिकवणी शुल्क वर्षाला ९० हजार रुपयांवरून २ लाख रुपये करण्यात आले. त्याच वेळी सवलतींचे निकषही ठरले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. अन्य प्रवर्गांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास पूर्ण माफी आणि १ ते ५ लाख रुपयांदरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफी मिळते. एनआयटींमध्ये शिकवणी शुल्क वर्षाला १ लाख २५ हजार रुपये असून सवलतीची रचना अशीच आहे.

या सवलती नियमाने ठरतात. त्यांसाठी वाटाघाट करावी लागत नाही आणि करताही येत नाही. मात्र माफी फक्त शिकवणी शुल्काची असते. वसतिगृह, भोजनगृह, अनामत आणि इतर शुल्के वेगळी भरावी लागतात. ‘पूर्ण शुल्कमाफी’ या शब्दांवर विसंबून हा खर्च न धरणाऱ्या कुटुंबांची पहिल्याच सत्रात ओढाताण होते.

उत्पन्नाच्या सीमारेषेवर

ही रचना पायऱ्यांची असल्याने सीमारेषेवरील कुटुंबांना मोठा फरक सोसावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४ लाख ९५ हजार रुपये आहे. दोन तृतीयांश माफी मिळाल्यावर त्याला वर्षाला ६६,६६७ रुपये शिकवणी शुल्क भरावे लागेल. दुसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न ५ लाख ५ हजार रुपये आहे. त्याला पूर्ण २ लाख रुपये भरावे लागतील. उत्पन्नातील फरक १० हजारांचा, शुल्कातील फरक वर्षाला १ लाख ३३ हजारांहून अधिक आणि चार वर्षांत सुमारे ५ लाख ३३ हजार रुपयांचा.

पोलादनगरीत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. एकाच कारखान्याच्या आवारात कायम कर्मचारी आणि ठेकेदाराकडील कामगार काम करतात आणि त्यांची मुले अनेकदा एकाच शिकवणी वर्गात बसतात. एकाचे उत्पन्न सवलतीच्या मर्यादेत बसते, दुसऱ्याचे बसत नाही. थकबाकी किंवा अतिरिक्त कामाचा मोबदला एखाद्या वर्षी एकदम मिळाल्यासही कुटुंब वरच्या पायरीवर जाऊ शकते. म्हणून उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा मागितला आहे, तो कोणत्या अधिकाऱ्याचा हवा आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागतो का, हे प्रवेशापूर्वीच तपासावे. दाखल्यातील आकडा, फॉर्म १६ आणि प्राप्तिकर विवरणपत्र यांत विसंगती असेल तर अर्ज अडकू शकतो.

शिष्यवृत्त्यांची बेरीज करताना

पात्र असलेल्या प्रत्येक योजनेची रक्कम जोडून एकूण मदत काढणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. अनेक सरकारी योजना एकमेकींसोबत घेता येत नाहीत. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजनेत बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि साडेचार लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षी ही रक्कम २० हजार असते. परंतु अन्य शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफीचा लाभ घेणाऱ्यांना ही योजना खुली नाही. वर्षाला १ लाख ३३ हजारांची माफी मिळत असताना त्यात हे १२ हजार मिळवून हिशेब करणे चुकीचे ठरेल.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण योजना आहे. यादीतील संस्थांत प्रवेश घेणाऱ्या आणि ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्काशिवाय निर्वाह, पुस्तके आणि संगणक यांसाठी पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढील प्रत्येक वर्षी ४१ हजार रुपये भत्ता दिला जातो. प्रत्येक संस्थेसाठी जागा ठरलेल्या असतात. त्यामुळे पात्रता आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. मंजुरी हाती येईपर्यंत ही रक्कम ‘संभाव्य’ या रकान्यातच ठेवावी.

खासगी विद्यापीठ : टक्के की रुपये

खासगी विद्यापीठांच्या पत्रांत ‘५० टक्के शिष्यवृत्ती’ असे शब्द असतात. ही टक्केवारी कशाची, हा पहिला प्रश्न. समजा, शिकवणी शुल्क ७ लाख आणि वसतिगृह-भोजन ३ लाख असे मिळून वर्षाला १० लाख रुपये खर्च आहे. शिष्यवृत्ती केवळ शिकवणी शुल्कावर असेल तर मदत साडेतीन लाखांची आणि निव्वळ खर्च साडेसहा लाखांचा होईल. कुटुंबाने गृहीत धरलेला आकडा ५ लाखांचा असतो.

दुसरा प्रश्न पुढील वर्षांचा. वरील उदाहरणात शिकवणी शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी वाढले, तर ते चार वर्षांत अनुक्रमे ७ लाख, ७ लाख ७० हजार, ८ लाख ४७ हजार आणि ९ लाख ३१ हजार ७०० रुपये होईल. शिष्यवृत्ती ५० टक्के अशी बांधलेली असेल तर कुटुंबाला शिकवणी शुल्कापोटी एकूण सुमारे १६ लाख २४ हजार रुपये भरावे लागतील. तीच शिष्यवृत्ती ‘वर्षाला साडेतीन लाख रुपये’ अशी ठरावीक असेल तर हा आकडा सुमारे १८ लाख ४९ हजारांवर जाईल. पहिल्या वर्षी दोन्ही प्रस्ताव सारखे दिसतात, चार वर्षांनी त्यांत सव्वादोन लाखांचे अंतर पडते. म्हणून केवळ पहिल्या वर्षाच्या नव्हे, तर संपूर्ण अभ्यासक्रमाच्या निव्वळ खर्चाची तुलना करावी.

परदेशी प्रस्ताव

अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन या संस्था परदेशी अर्जदारांच्या बाबतीतही कुटुंबाची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात आणि प्रवेश दिल्यावर त्यांच्या निकषांनुसार निघणारी संपूर्ण गरज भागवतात. अन्य अनेक नामांकित संस्था परदेशी विद्यार्थ्याची गरज निवडीच्या वेळी विचारात घेतात. आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यांची मदत गरजेवर आधारित असते. प्रिन्स्टनने २००१ पासून आपल्या मदतीतून कर्ज वगळून त्याजागी अनुदान दिले आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, सर्वसाधारण मालमत्तेच्या कुटुंबांना शिकवणी शुल्क माफ केले.

‘गरज’ म्हणजे काय, हे मात्र कुटुंब नव्हे तर विद्यापीठ ठरवते. घर, शेती, मुदतठेवी, व्यवसाय आणि शिकणारी भावंडे यांचा हिशेब प्रत्येक संस्था आपल्या पद्धतीने करते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला दोन संस्थांकडून वेगवेगळे आकडे येऊ शकतात. आयव्ही विद्यापीठे आणि एमआयटी पूर्वी एकत्र बसून समान विद्यार्थ्यांच्या मदतीचे आकडे जुळवून घेत. अमेरिकेच्या न्याय विभागाने ही स्पर्धाविरोधी पद्धत असल्याचा आक्षेप घेतल्यानंतर १९९१ मध्ये आयव्ही विद्यापीठांनी ती सोडली. तुलना करण्याचे काम तेव्हापासून विद्यार्थ्याकडे आले.

समजा, एकूण वार्षिक खर्च ८५ हजार डॉलर असून पत्रात ६० हजार अनुदान, ३ हजार कामाचा मोबदला आणि ५ हजार कर्ज असे ६८ हजार डॉलरचे ‘साहाय्य’ दाखवले आहे. कुटुंबाचा निव्वळ खर्च १७ हजार नसून २५ हजार डॉलर आहे. डॉलरचा दर ८५ रुपये धरल्यास तो २१ लाख २५ हजार रुपये आणि ९० रुपये धरल्यास २२ लाख ५० हजार रुपये होतो. चार वर्षांचा हिशेब करताना रुपयाच्या घसरणीसाठी वेगळी तरतूद ठेवावी. विमानप्रवास, आरोग्य विमा आणि व्हिसाचा खर्च एकूण खर्चात धरला आहे का, तेही पाहावे. अमेरिकेत निवास-भोजनासाठी मिळणाऱ्या अनुदानावर परदेशी विद्यार्थ्यांना कर लागू शकतो, ही बाब अनेक कुटुंबांना तेथे पोहोचल्यावरच कळते.

कर्ज : स्वस्त दिसणारा महाग पर्याय

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज देणे हा तिचा गाभा आहे. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी आहे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आणि अन्य सरकारी शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळते. या सवलतीसाठी वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या संस्था योजनेत येतात, परदेशी विद्यापीठे येत नाहीत.

कर्जाची खरी किंमत समजण्यासाठी पुढील हिशेब पाहावा. चार वर्षांत प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला अडीच लाख असे १० लाख रुपये ९ टक्के दराने घेतले आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्ष हप्त्याला सूट मिळाली, तर सरळ व्याजाने या काळात ३ लाख १५ हजार रुपये व्याज साचते. व्याज सवलत मिळाल्यास ते २ लाख १० हजार राहते. सवलत नसताना १३ लाख १५ हजारांची परतफेड दहा वर्षांत करायची झाल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६६० रुपये येतो आणि एकूण परतफेड जवळपास २० लाखांवर पोहोचते. प्रस्तावपत्रात १० लाखांचे अनुदान आणि १० लाखांचे कर्ज एकाच रांगेत छापलेले असले, तरी कुटुंबासाठी त्यांतील अंतर २० लाखांचे आहे.

अटी वाचणे अनिवार्य

शिष्यवृत्ती कोणत्या अटींवर सुरू राहते, हे तिच्या रकमेइतकेच महत्त्वाचे असते. ठरावीक श्रेणी-सरासरी राखणे, पूर्ण वेळ नोंदणी, शाखा न बदलणे, पदवीनंतर सेवेचा करार अशा अटी असू शकतात. सरासरी एका सत्रात घसरल्यास मदत कायमची बंद होते की सुधारण्याची संधी मिळते, हा प्रश्न लेखी विचारावा.

महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत परिचित शिष्यवृत्तीही अशा अटींनी बांधलेली होती. बडोदा संस्थानने १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी ही करारातील अट होती. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना तो अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. अभ्यासाचा कालावधी आणि मदतीचा कालावधी जुळत नसेल तर असामान्य गुणवत्तेलाही वाट पाहावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

शब्दांच्या अर्थाकडेही लक्ष द्यावे लागते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला उच्च शिक्षण निधी, ज्याच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, आजही ‘कर्ज शिष्यवृत्ती’ देतो. नावात शिष्यवृत्ती असली तरी मूळ रक्कम परत करायची असते आणि निधी ते स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक पत्र इतके स्पष्ट असेलच असे नाही.

फेरविचाराची विनंती

गरजेवर आधारित मदत देणाऱ्या संस्थांकडे फेरविचाराची विनंती करता येते. ती घासाघीस समजू नये. अर्ज केल्यानंतर वडील निवृत्त झाले, घरात मोठे आजारपण आले, उत्पन्न घटले किंवा दुसऱ्या भावंडाचा प्रवेश झाला, अशी कारणे कागदपत्रांसह मांडावीत. वेतनपावती, निवृत्तीचा आदेश, रुग्णालयाची देयके आणि दुसऱ्या समकक्ष संस्थेचे गरजेवर आधारित प्रस्तावपत्र जोडता येते. किती रक्कम कमी पडते, ती का आणि ती मिळाल्यास प्रवेश निश्चित करणार का, हे एका पानात लिहिलेले असावे. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे आणि उत्तराची मुदत विचारून घ्यावी.

वेळापत्रकाचा पेच

अमेरिकी विद्यापीठांचे निर्णय साधारणतः मार्चअखेरपर्यंत कळतात आणि बहुतेकांना १ मेपर्यंत उत्तर द्यावे लागते. जेईई ॲडव्हान्स्ड आणि आयआयटी-एनआयटीची संयुक्त जागावाटप प्रक्रिया त्यानंतर होते. खासगी विद्यापीठांच्या शुल्कभरणा मुदती या दोहोंच्या मध्ये असतात. त्यामुळे सर्व प्रस्ताव एकाच वेळी समोर ठेवून निवड करण्याची संधी क्वचितच मिळते. हातातील जागा राखण्यासाठी भरलेली रक्कम परत मिळेल का, हे अशा वेळी निर्णायक ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत देण्याचे निर्देश दिले होते. त्या त्या वर्षाचे परिपत्रक पाहूनच रक्कम भरावी. परदेशी विद्यापीठांची प्रवेश अनामत सहसा परत मिळत नाही.

निर्णयापूर्वी भरावयाचा तक्ता

प्रत्येक संस्थेसाठी एका कागदावर पुढील नोंदी केल्यास तुलना सोपी होते.

१. सर्व शुल्के, निवास, भोजन, प्रवास आणि विमा धरून पहिल्या वर्षाचा एकूण खर्च.
२. परत न करावयाची मदत, निश्चित आणि संभाव्य अशा दोन रकान्यांत.
३. निव्वळ खर्च, पहिल्या वर्षाचा आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचा.
४. शुल्कवाढ व परकीय चलनाच्या दरातील बदलासाठी धरलेली तरतूद.
५. आवश्यक कर्ज, परतफेड सुरू होताना होणारी थकबाकी आणि मासिक हप्ता.
६. मदत सुरू राहण्याच्या अटी आणि ती बंद झाल्यास पर्यायी सोय.
७. उत्तर देण्याची अंतिम तारीख आणि परत न मिळणारी रक्कम.

तक्ता भरून झाल्यावर कोणती संस्था स्वस्त, याचे उत्तर मिळते. कोणती योग्य, हे त्यावरून आपोआप ठरत नाही. अभ्यासक्रम, प्राध्यापक आणि विद्यार्थ्याची आवड यांचे वजन वेगळे असते. मात्र अधिक खर्चाचा पर्याय निवडायचा झाल्यास किती अधिक, कोणाच्या खिशातून आणि किती वर्षे, हे आईवडील आणि विद्यार्थी या दोघांनाही प्रवेश निश्चित करण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरण्याआधी हा कागद घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसून वाचावा.